तुळजापूरची यात्रा आणि पुढे रात्रीचा रेल्वेप्रवास: वडीलधाऱ्यांजवळचे पैसे व दागिने कसे सांभाळावेत?

प्रश्न: वसमतचा_प्रवासी

नमस्कार. येत्या अश्विन पौर्णिमेला आई, वडील आणि मावशी यांना घेऊन मी तुळजापूरला जाणार आहे. वसमतहून नांदेड, तेथून एसटीने लातूरमार्गे तुळजापूर, दर्शन झाल्यावर धाराशिव आणि धाराशिवहून रात्रीच्या गाडीने मुंबईला बहिणीकडे, असा बेत आहे. तिघांचीही वये सत्तरीच्या पुढे आहेत आणि सोबत मी एकटाच आहे.

मागच्या वर्षी आमच्या गल्लीतील एका काकूंचे गंठण बसमध्ये चढताना गेले. पुढच्या गावी उतरल्यावर पदर सावरताना त्यांचा हात गळ्याकडे गेला, तेव्हा कुठे त्यांना ते कळले. तेव्हापासून माझ्या मनात धाकधूक आहे. आईचा आग्रह आहे की वर्षातून एकदा देवीसमोर उभे राहायचे तर लंकेची पार्वती होऊन राहणार नाही; बोरमाळ, गंठण आणि पाटल्या अंगावर असल्याच पाहिजेत. वडिलांना भाचीच्या लग्नाच्या तयारीसाठी बहिणीला रोख रक्कम द्यायची आहे आणि ती बंडीच्या आतल्या खिशात ठेवून ते स्वतः नेणार आहेत. मावशींची पर्स सदैव काखेत असते आणि दर पाच मिनिटांनी त्या ती चाचपून पाहतात. यूपीआयने पैसे देणे तिघांनाही जमत नाही, त्यामुळे तो सगळा व्यवहार माझ्या एकट्याच्या मोबाइलवर चालेल. मोठ्यांचे मन न दुखवता हा प्रवास सुरक्षित कसा करावा, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

उत्तर: निवृत्त_वाहक

मी एसटीत वाहक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो आहे. माझ्या अनुभवाप्रमाणे तुमच्या प्रवासातील सर्वांत मोठा धोका बसच्या दारात आहे, आणि तोही गाडी फलाटाला लागल्यापासून सगळे प्रवासी आत जाईपर्यंतच्या थोड्याशा वेळात. म्हणून त्याविषयीच विस्ताराने लिहितो.

गाडी फलाटाकडे वळली की माणसे तिच्या बरोबरीने चालू लागतात, खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी टाकून जागा धरली जाते आणि दार उघडण्याआधीच तेथे दाटी होते. वर चढणाऱ्या बाईच्या एका हातात पिशवी असते, दुसऱ्या हाताने तिने दांडा धरलेला असतो, नजर पायरीवर असते आणि चित्त आतल्या जागेवर असते. गळ्याकडे किंवा पर्सकडे लक्ष देण्यास तिच्याजवळ काहीच उरलेले नसते. टोळीत बहुधा दोघे-तिघे असतात. एक जण पुढे पायरीवर अडतो आणि चप्पल निघाल्याचे किंवा पिशवी अडकल्याचे निमित्त करतो. दुसरा मागून रेटा देतो. तिसरा बाजूने, हातावर टाकलेल्या ओढणीच्या, शालीच्या किंवा कडेवरच्या मुलाच्या आडून काम करतो. गळ्यातला दागिना अशा वेळी ओढून तोडला जात नाही, तो लहान कटरने कापला जातो, त्यामुळे मानेला हिसका बसत नाही. काखेतल्या पर्सला खालच्या अंगाने ब्लेड मारले जाते आणि वरची चेन जशीच्या तशी बंद राहते. हाती लागलेली वस्तू लगेच दुसऱ्याकडे सरकवली जाते, म्हणून ज्याच्यावर संशय यावा त्याच्याजवळ काहीच सापडत नाही. आणि पायरीवर अडलेला माणूस पुष्कळदा 'ही आपली गाडी नव्हे' असे म्हणत खालीच उतरून जातो.

१७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या तिकिटात निम्मी सवलत मिळू लागली आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना त्याआधीच, ऑगस्ट २०२२ पासून, मोफत प्रवास सुरू झाला होता. माहेरी, देवाला, दवाखान्यात जाण्यासाठी बायका आता मोकळेपणाने घराबाहेर पडतात, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र दारातली दाटी त्यामुळे वाढली आणि चोरांचे लक्षही तिकडे वळले, हेही तितकेच खरे आहे.

यावर उपाय एवढाच की त्या पहिल्या रेट्यात तुमच्या माणसांनी असू नये. नांदेडहून आगाऊ आरक्षण करावे, म्हणजे आसनक्रमांक हाती असतो आणि धावपळीचे कारणच राहत नाही. आरक्षण मिळाले नाही तर एक गाडी सोडावी आणि पुढची धरावी. चढताना आई व मावशी पुढे, त्यांच्यामागे वडील आणि सर्वांत शेवटी तुम्ही, असा क्रम ठेवावा. जड पिशव्या तुमच्या हाती असाव्यात, म्हणजे त्यांचा एक हात मोकळा राहील. मावशींना हेही समजावून सांगावे की वारंवार पर्स चाचपल्याने ऐवज नेमका कुठे आहे ते पाहणाऱ्याला आयतेच कळते. गर्दीत 'खिसेकापूंपासून सावध राहा' अशी सूचना ऐकली की माणसांचे हात आपोआप खिशाकडे जातात, आणि टोळीतला माणूस तेवढेच टिपत असतो.

चोरी गाडी सुटण्याआधीच लक्षात आली तर आरडाओरडा करण्यापेक्षा सरळ वाहकाला सांगावे आणि दार बंद करून घ्यायला लावावे. गाडी तशीच पोलीस ठाण्यात नेऊन झडती घेतल्याची उदाहरणे मराठवाड्यात नेहमीची आहेत. प्रवासी उशिराबद्दल कुरकुर करतील, तरी संकोच करू नये. बायकांची झडती केवळ महिला पोलिसांनीच घ्यायची असते. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो: कोणाच्या पेहरावावरून संशय घेऊ नका. पालावर राहणाऱ्या भटक्या समाजातील बायकांना निव्वळ वेशावरून गाडीतून उतरवलेले मी पाहिले आहे. त्यांच्या गाठोड्यात भाकरी आणि लेकरांच्या कपड्यांशिवाय काही निघाले नाही आणि तोवर ऐवज घेऊन जाणारे कधीच निघून गेले होते.

उत्तर: मांजराकाठ

वरील उत्तर अतिशय उपयुक्त आहे. दागिन्यांविषयी आणि शिवणकामाविषयी मी लिहिते.

ताईंच्या म्हणजे तुमच्या आईंच्या भावनेला उगाच धक्का लावू नये, असे मला वाटते. सौभाग्यलेणे अंगावर असावे ही त्यांची इच्छा रास्त आहे. पण त्यासाठी गंठण आणि बोरमाळ हवीच असे नाही. काळ्या मण्यांची आखूड पोत आणि दोन वाट्या एवढे गळ्यात असले की मान राखला जातो, आणि आखूड पोत ब्लाउजच्या आत व्यवस्थित राहते. हातात हिरव्या काचेच्या बांगड्या भराव्यात. देवीच्या दारात त्याच शोभून दिसतात. पाटल्या घरी किंवा बँकेच्या लॉकरमध्ये राहू द्याव्यात. मुंबईला लग्नाच्या तयारीच्या निमित्ताने दागिने दाखवायचेच असतील, तर ते या यात्रेबरोबर नेऊ नयेत. पुढे लग्नाला जाताना घरातले दोन-तीन तरुण सोबत असतील तेव्हा न्यावेत. नकली दागिने घालण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात, तो मला पटत नाही. कापणाऱ्याला तो खरा आहे की खोटा हे दुरून कळत नाही, आणि कटर तर खऱ्याच मानेजवळ येतो.

आता पैशांविषयी. आईंच्या आणि मावशींच्या परकराला आतून चोरखिसा शिवून घ्या. नेफ्याच्या चार बोटे खाली, उजव्या कुशीला, परकराच्याच कापडाचा वीतभर लांबीचा तुकडा लावावा, त्याला तोंडाशी झाकण ठेवावे आणि दोन बटणे लावावीत. चेन लावू नये, ती बसल्यावर टोचते. खिसा पुढे लावला तर पायऱ्या उतरताना मांडीवर आपटतो आणि पाठीशी लावला तर बसताना कळत नाही, म्हणून कुशीचीच जागा योग्य. नोटा पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवाव्यात, घामाने भिजत नाहीत. वडिलांच्या बंडीचा आतला खिसा चांगलाच असतो, पण त्याच्या तोंडाशी आडवी सेफ्टी पिन लावावी आणि वरून सदरा घातलेला असावा. आमचे आजोबा कमरेला 'कसा', म्हणजे पैशांची कापडी थैली, बांधत आणि रात्री झोपतानाही तो सोडत नसत. ज्यांना सवय आहे त्यांनी आजही तो बांधावा.

मात्र चोरखिशातला पैसा चारचौघांत बाहेर काढायचा नाही, हा नियम कसोशीने पाळायला हवा. त्यासाठी वरखर्चाचे पैसे वेगळे ठेवा. ओटीचे सामान, चहा, रिक्षा, दानपेटी यांना लागतील एवढ्याच सुट्ट्या नोटा प्रत्येकीच्या बटव्यात सकाळी मुक्कामाच्या खोलीतच मोजून द्याव्यात. बटवा गेला तरी यात्रा थांबत नाही. फुलवाल्याला पाचशेची नोट देण्यासाठी गर्दीत ब्लाउजमधून पाकीट काढणारी बाई मी दर यात्रेत पाहते आणि माझा जीव खालीवर होतो.

तुळजापुरात दोन ठिकाणी विशेष सांभाळावे. कल्लोळ तीर्थ किंवा गोमुख तीर्थावर हातपाय धुताना किंवा स्नान करताना सगळ्यांनी एकदम जाऊ नये. एकाने सामानाजवळ उभे राहायचे आणि मग पाळी बदलायची. दुसरे ठिकाण म्हणजे दर्शनरांगेचा शेवटचा टप्पा. तोवर माणूस तासन्तास थकलेला असतो आणि देवी नजरेस पडताच दोन्ही हात जोडले जातात, डोळे मिटतात. त्या क्षणी कोणी सावध राहावे अशी अपेक्षाच करू नये; म्हणून मौल्यवान असे काही त्या वेळी अंगावर नसलेलेच बरे. रांगेत तुम्ही आई-मावशींच्या पाठीशी उभे राहा.

आणखी एक प्रकार सांगायचा राहिला. वयस्कर माणसांना रस्त्यात गाठून 'आम्ही पोलीस आहोत, पुढे लुटालूट झाली आहे, दागिने काढून रुमालात बांधा' असे सांगणारे तोतये फिरत असतात. ते पुडी स्वतः बांधून देतात आणि तिच्यात खडे निघतात. कोणताही पोलीस रस्त्यावर दागिने उतरवायला सांगत नाही, हे तिघांनाही निघण्यापूर्वी स्पष्ट सांगून ठेवा.

उत्तर: खातेवही

मी बँकेत काम करतो. वडिलांच्या रोख रकमेबद्दल माझे मत ठाम आहे: ती प्रवासात नेऊच नये. वसमतच्या शाखेत त्यांना स्वतः घेऊन जा, रक्कम त्यांच्याच हाताने खात्यात भरू द्या आणि तेथूनच बहिणीच्या खात्यावर एनईएफटी करा, म्हणजे बँकेमार्फत पैसे थेट तिच्या खात्यात पाठवा. डिसेंबर २०१९ पासून ही सोय सुट्टीच्या दिवशीही अहोरात्र चालू असते. मोठी रोख रक्कम भरायची असेल तर पॅन लागू शकतो; पॅन नसेल तर कोणता फॉर्म भरायचा ते शाखेत विचारून घ्या. वडील जुन्या वळणाचे असतील तर शिक्का मारलेली पावती त्यांच्याच बंडीच्या खिशात ठेवायला द्यावी आणि पैसे जमा झाल्याचे बहिणीच्या तोंडून त्यांना फोनवर ऐकवावे. आमच्याकडे सोयाबीनचा पैसा रोखीने नेणारे अनेक शेतकरी येतात. रक्कम पोहोचल्याचे मुलीच्या आवाजात ऐकले की त्यांची शंका फिटते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

आता मोबाइल. आजच्या दिवसांत खिसेकापूच्या हाती पाकिटापेक्षा फोन लागणे अधिक महागात पडते. त्यातले सिमकार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घातले की तुमचे ओटीपी त्या फोनवर येऊ लागतात. म्हणून निघण्यापूर्वी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन सिमला पिन लावा. पडदा बंद असताना संदेशांचा मजकूर दिसणार नाही अशी व्यवस्था करा. यूपीआयचा पिन जन्मसालाचा नसावा, तो फोनमध्ये कोठेही लिहिलेला नसावा आणि पडद्याच्या कुलपाचा आकडा त्याहून वेगळा असावा. यूपीआय लाइटमध्ये पिन न विचारता पैसे जातात, त्यामुळे त्यात किरकोळ रक्कमच ठेवा. एटीएम कार्डाला वायफायसारखी खूण असेल तर यंत्राला टेकवून पाच हजारांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होऊ शकतो. बँकेच्या ॲपमधून ही सोय प्रवासापुरती बंद करता येते. प्रवासखर्चासाठी वेगळे खाते असेल तर यूपीआयला तेच जोडावे, मुख्य बचत त्यात नसावी.

फोनच्या पडद्यावर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबल्यावर जो पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळखक्रमांक, दिसतो, तो कागदावर उतरवून घरी ठेवा. फोन गेलाच तर आधी सिम बंद करायला लावा, त्याच दमात बँकेला कळवून यूपीआय आणि कार्ड थांबवा. बँकेला कळवल्यानंतर जे गैरव्यवहार होतील त्यांची जबाबदारी रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकेवर येते, म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. खात्यातून पैसे गेल्याचे दिसले तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करा. जितक्या लवकर फोन कराल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता अधिक. त्यानंतर पोलिसांतील तक्रारीची प्रत जोडून 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर आयएमईआय नोंदवावा, म्हणजे तो फोन देशातील कोणत्याच नेटवर्कवर चालत नाही.

प्रश्नकर्ता: वसमतचा_प्रवासी

तिन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभारी आहे. आईला काळ्या पोतीविषयी सांगितले. हिरव्या बांगड्यांचे नाव काढताच ती राजी झाली. वडिलांनी बँकेत येण्याचे कबूल केले आहे. आता धाराशिवहून रात्रीच्या गाडीचा प्रश्न उरतो. आरक्षण स्लीपरचे आहे. दोन खालचे, एक मधला आणि एक वरचा बर्थ मिळाला आहे. सगळे पैसे मीच माझ्याजवळ ठेवावेत काय, म्हणजे तिघांच्या डोक्याला ताप नको?

उत्तर: रातगाडी

सगळे पैसे एकाजवळ ठेवू नयेत. तुमचे पाकीट गेले तर चौघेही परक्या गावी हात हलवत उभे राहतील. तुमच्याजवळ निम्मे आणि उरलेले आई व वडील यांच्यात विभागावेत. यूपीआयवरही पूर्ण भिस्त ठेवू नका. यात्रेच्या गर्दीत नेटवर्क हमखास कोलमडते.

रेल्वेत खालच्या बर्थखाली लोखंडी कड्या असतात. त्यांत साखळी ओवून मोठ्या बॅगांना कुलूप लावावे आणि बॅगेची चेन भिंतीच्या बाजूला करावी. औषधे, चष्मा, तिकीट आणि ओळखपत्र असलेली लहान पिशवी उशाखाली ठेवून तिचा बंद मनगटात अडकवावा. खिडकीशी झोपणाऱ्याने फोन चार्जिंगला लावून झोपू नये, आणि खिडकीची जाळी किंवा काच रात्री खाली ओढावी, कारण गाडी स्थानकातून हलू लागताना बाहेरून हात घालून फोन, पर्स किंवा गळ्यातील पोत ओढण्याचे प्रकार होतात. गाडीने वेग घेतलेला नसतो, चोराला पळून जाता येते आणि तुम्हाला त्याच्यामागे जाता येत नाही. स्थानक येण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी तरी तुम्ही जागे असावे. अनोळखी माणसाने दिलेला चहा, बिस्किटे किंवा प्रसाद घेऊ नये. गुंगीचे औषध देऊन लुटण्याचे प्रकार आजही घडतात. प्रसादाला नाही म्हणणे मोठ्यांना जड जाते, तेव्हा तो कपाळाला लावून पिशवीत ठेवावा, म्हणजे कोणाचाच अवमान होत नाही.

कायद्याची बाजूही माहीत असावी. कमरेच्या पट्ट्यातून एक लाख रुपये चोरीला गेलेल्या एका प्रवाशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये स्पष्ट केले की प्रवाशाला स्वतःजवळचा ऐवज सांभाळता आला नाही, तर त्याची भरपाई रेल्वेकडून मागता येत नाही. तक्रार मात्र अवश्य करावी. चालत्या गाडीत १३९ वर फोन करावा किंवा तिकीट तपासनिसाकडून, नाहीतर गाडीतील पोलिसांकडून अर्ज घेऊन भरून द्यावा. त्यासाठी मध्येच उतरण्याची गरज नसते. एसटीने किंवा रस्त्याने जाताना ११२ लावावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यानुसार गुन्हा कोणत्या हद्दीत घडला याचा विचार न करता कोणत्याही पोलीस ठाण्यात फिर्याद देता येते, आणि ऑनलाइन दिलेल्या माहितीवर तीन दिवसांत जाऊन सही केली की तीही नोंदवली जाते. 'तुमची वस्तू आमच्या हद्दीत गेली नाही' असे कोणी सांगितले तर नम्रपणे, पण आग्रहाने झिरो एफआयआर नोंदवायला सांगा.

उत्तर: मांजराकाठ

तक्रारीचा विषय निघाला म्हणून दोन गोष्टी जोडते. जो दागिना अंगावर असेल त्याचा स्वच्छ फोटो आणि सराफाची वजनासह पावती घरी असू द्या. चोर सापडला आणि मुद्देमाल हाती आला, तरी दागिना आपलाच आहे हे न्यायालयात दाखवावे लागते, आणि आमच्याकडच्या कितीतरी बायकांजवळ लग्नातल्या सोन्याची चिठ्ठीसुद्धा नसते.

दुसरे असे की तुमच्या तिन्ही वडीलधाऱ्यांना तुमचा मोबाइल क्रमांक पाठ आहे काय, ते आज विचारून पाहा. बहुधा नसेल, कारण क्रमांक फोनमध्येच साठवलेला असतो. एका कागदावर तुमचा, बहिणीचा आणि वसमतच्या शेजाऱ्यांचा क्रमांक ठळक अक्षरांत लिहा, त्याखाली तुळजापूरच्या मुक्कामाचे ठिकाण, तारीख, गाडीचा डबा आणि आसनक्रमांक लिहा. त्याच्या तीन प्रती काढून प्रत्येकाच्या चोरखिशात एकेक ठेवा आणि त्यात परतीच्या बसभाड्यापुरते दोनशे-तीनशे रुपये घडी घालून ठेवा. हे पैसे वरखर्चात धरू नका. पायऱ्यांवर मावशी गर्दीत मागे राहिल्या आणि बटवा हातातून गेला, तरी जवळच्या दुकानदाराला तो कागद दाखवून त्या तुम्हाला फोन लावू शकतील.